या आठवड्यात आपण काय मारलं

विश्राम सबनीसांच्या ताब्यात त्या तीन महिन्यांत दोनच गोष्टी होत्या. बाल्कनीतला कढीपत्ता आणि फ्रिजवरचा सर्व्हर. पहिली गोष्ट बायकोची होती, दुसरी मुलीची. दोन्ही आपल्याच आहेत अशा थाटात ते वावरत होते, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

कढीपत्ता नीलाने सव्वीस वर्षांपूर्वी आणलेला. डोंबिवलीचा फ्लॅट घेतला तेव्हा खडवलीच्या माहेरून, ओल्या फडक्यात गुंडाळून, बोटभर फुटवा. आता तो निळ्या ड्रममध्ये पुरुषभर उंच झाला होता आणि बी विंगमधल्या अठ्ठावीस घरांच्या फोडण्या त्याच्या जिवावर चालत होत्या. मार्चमध्ये बंगळूरला अंतराचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, स्कूटरवरून पडून पाय मोडला आणि नीला तिच्याकडे निघाली. जाताना तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली. गॅस, दूध, रक्तदाबाच्या गोळ्या यांना एकेक ओळ होती. कढीपत्त्याला चार ओळी होत्या.

‘पाणी एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा वाटीभर पातळ ताक. पानांमागे कीड बघणे. हा मेला तर मला फोन करू नये, मी येऊन बघेन.’

शेवटच्या ओळीत नेमकं काय बघणार, झाड की आपल्याला, हे विश्रामरावांनी विचारलं नाही. सदतीस वर्षांच्या संसारात कुठे विचारायचं नसतं एवढं ते शिकले होते.

सर्व्हरचं प्रकरण आठवड्याभराने आलं. वडील एकटे आहेत, त्यांना काहीतरी उद्योग हवा, म्हणून अंतराने कुरिअरने पेढ्यांच्या खोक्याएवढा एक काळा डबा पाठवला. त्याला हिरवा दिवा होता. फोनवरून सूचना देत तिने तो फ्रिजवर बसवायला लावला.

“बाबा, हे ‘परसबाग’ आहे. झाडं लावणाऱ्यांचं. इतर ॲपसारखं नाही, याला मालकच नाही. प्रत्येक गावाने आपापला सर्व्हर ठेवायचा, त्याला वाफा म्हणतात. ठाण्याचा वेगळा, कल्याणचा वेगळा, दिव्याचा वेगळा. पण सगळे एकमेकांशी बोलतात.”

“आणि कोणी वात्रटपणा केला तर?”

“ज्या त्या वाफ्याचा माळी बघेल. डोंबिवलीचा माळी तू. एखादा वाफा फारच त्रास द्यायला लागला, तर त्याच्याशी कुंपण घालता येतं. मग त्यांचं तुम्हाला दिसत नाही, तुमचं त्यांना दिसत नाही. पण ते अगदीच शेवटचं हं, बाबा.”

विश्रामरावांनी वहीत ‘कुंपण’ एवढाच शब्द लिहून घेतला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

ते एकतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षक होते. दुसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये त्यांच्या चपलांचा आवाज आला की पंखेसुद्धा हळू फिरत, असं मुलं म्हणत. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत त्यांना गप्प बसवायला कोणी मिळालं नव्हतं. नीला होती, पण ती बसत नसे.

महिनाभरात डोंबिवलीच्या वाफ्यात दोनशे बारा सभासद झाले. त्यातले निम्मे त्यांचे माजी विद्यार्थी, आणि उरलेले विद्यार्थ्यांचे पालक. मदतनीस माळी म्हणून त्यांनी साईनाथला नेमलं. साईनाथ पन्नाशीचा, विम्याची कामं करणारा, पण ‘सर’ म्हणताना अजून हात मागे बांधणारा. विश्रामरावांची दुपारची झोप दीड ते साडेतीन असे, तेवढ्या वेळात अराजक नको, म्हणून त्यांनी आपल्याइतकेच सगळे अधिकार साईनाथला देऊन टाकले.

आता ताकाचं. ताक घुसळणं हे नीलाचं खातं. विश्रामरावांना विरजण कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या डेअरीत ताकाची पिशवी मिळते हे ठाऊक होतं, कारण दुपारी जेवणावर ते स्वतः तीच पीत. आठवड्याला एका वाटीवर झाड इतकं होत असेल, तर रोज एका पिशवीवर किती होईल, हे गणित त्यांनी तोंडी केलं. पिशवीवर ‘मसाला’ हा शब्द होता, आणि मीठ, जिरं, हिंग अशी बारीक अक्षरातली यादीही होती. पण पिशवीवर एक हसणारी गायही होती, आणि जाहिराती वाचायच्या नाहीत हा विश्रामरावांचा जुना बाणा होता.

रोज सकाळी नऊ वाजता ते ड्रममध्ये एक पिशवी ओतत आणि वाफ्यात लिहीत, ‘आजचे ताक दिले.’ लगेच चाळीसेक जण लिहीत, ‘आम्हीही दिले, सर.’

पहिली ठिणगी ठाण्याहून आली. ठाण्याच्या वाफ्याचा माळी सौमित्र नावाचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता, माजिवड्याच्या बाविसाव्या मजल्यावर राहणारा. त्याने लिहिलं, “ताक ही श्रद्धा आहे, खत नव्हे. मोजून दाखवा.”

विश्रामरावांनी उत्तर दिलं, “बाविसाव्या मजल्यावरून मातीबद्दल बोलू नये.”

पुढच्या चार दिवसांत दोनशे साठ संदेशांची देवाणघेवाण झाली. त्यात झाडाचं नाव तीन वेळा आलं, ठाण्याच्या पुलांचं नऊ वेळा आणि डोंबिवलीच्या पावभाजीचं सतरा वेळा. पाचव्या दिवशी कुंपण पडलं. त्या सकाळी विश्रामराव चहा घेताना शीळ वाजवत होते.

दिव्याशी तर वाद झालाच नाही. दिव्याच्या वाफ्यात एक रीत होती. दर रविवारी त्यांची माळीण, कलावती नावाची बाई, एक पोस्ट टाकायची: ‘या आठवड्यात आपण काय मारलं?’ आणि मग मंडळी बिनदिक्कत आपापल्या मेलेल्या झाडांचे फोटो लावायची. सुकलेले पुदिने, आडवे पडलेले टोमॅटो, काळी पडलेली तुळस. विश्रामरावांनी हे पाहिलं आणि त्यांना ऐन मंगलाष्टकांत कोणी शिंकल्यासारखं झालं. ‘अपशकुनी प्रवृत्ती’ असा शेरा मारून त्यांनी दिव्याला कुंपण घातलं. कल्याणवाल्यांनी दिव्याची बाजू घेतली, तर कल्याणलाही घातलं. कल्याणच्या वाफ्याचे तोवर पूर्व आणि पश्चिम असे दोन झालेले होते, त्यामुळे ते दोनदा घालावं लागलं.

बाहेरचं संपल्यावर आतलं सुरू झालं. विश्रामरावांनी बारा नियम लिहिले. चौथा: दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या झाडाबद्दल अशुभ लिहू नये. सातवा: ताकाविषयी शंका घेणाऱ्यास एकदा समज, दुसऱ्यांदा कुंपणाबाहेर. अकरावा: नियमांबाबत चर्चा करू नये. बारावा: मुख्य माळ्यासही नियम लागू. बारावा लिहिताना आपल्या मोठेपणाने त्यांचेच डोळे पाणावले.

दोनशे बाराचे एक्केचाळीस उरले. हे एक्केचाळीस इतके एकमताचे होते की त्यांना भांडायला विषय राहिला नाही, म्हणून आठवडाभर ते गाईच्या ताकाचे आणि म्हशीच्या ताकाचे असे भांडले. त्यातले सात गेले. चौतीस.

“बाबा, तुझ्या वाफ्यात सगळे एकच बोलतात,” अंतरा फोनवर म्हणाली. “विहिरीत ओरडल्यासारखं वाटतं.”

“मग? आवाज किती भरदार येतो,” विश्रामराव म्हणाले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात कढीपत्त्याची पानं पिवळी व्हायला लागली. कडा करपल्या. मग पानं गळू लागली, सकाळी केर काढताना सुपलीभर. विश्रामरावांनी पिशव्या दोन केल्या. पाचव्या दिवशी ड्रममध्ये वर पांढरी साय आणि खाली मुंग्यांची वसाहत होती. झाडावर मोजून अकरा डहाळ्या हिरव्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाला तरी विचारावंसं वाटलं. पण नियम चार त्यांचाच. म्हणून त्यांनी नुसता फोटो लावला, शब्द न लिहिता. कोणीतरी बोलेल. पाच मिनिटांत उत्तरं आली.

‘अप्रतिम, सर!’

‘काय ही सोनेरी छटा!’

‘सर, पानगळीतही एक शिस्त दिसते.’

चौतीसच्या चौतीस. साईनाथने तर तो फोटो वाफ्याच्या दर्शनी भागावर लावला. विश्रामराव बाल्कनीत गेले, सोनेरी छटेकडे बघत उभे राहिले, आणि एक छटा त्यांच्या डोळ्यादेखत गळून पडली.

त्याच दुपारी नीलाचा व्हिडिओ कॉल आला.

“अहो, अंतराचं प्लास्टर निघालं. मी एकवीसला येतेय. जरा बाल्कनीत जा बघू, झाड दाखवा.”

“रेंज नाही तिकडे.”

“घरात वायफाय आहे ना?”

“ते सर्व्हरला लागतं.”

“एकवीसला येतेय,” ती पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवला. एकवीसला एकोणीस दिवस होते.

त्यांनी अंतराला फोन केला. आईला सांगणार नाहीस अशी शपथ घातली आणि सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. ती हसू दाबत होती.

“बाबा, तुझ्या वाफ्यात कोणी सांगणार नाही. दिव्याच्या बाईंना विचार. त्या कढीपत्त्यातल्या जाणकार आहेत असं ठाण्यातलेसुद्धा मानतात.”

“त्यांना कुंपण आहे.”

“कुंपण तुझ्या वाफ्याला. तू लॉगिन न करता बाहेरून वाच ना. रस्त्यावरून कोणीही वाचू शकतं.”

विश्रामरावांनी खिडकीचे पडदे ओढले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि दिव्याचा रविवार उघडला.

‘पुदिना. चौथा. कारण: मी,’ असं सहदेव नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं. खाली कलावती: ‘पाचवा मी देते. कुंडी उन्हातून काढ आधी, मुडद्या.’

‘जास्वंद,’ असं ऐश्वर्याने लिहिलं होतं. ‘मी पाणी घातलं. मग सासूबाईंनी घातलं. मग ह्यांनी घातलं. कोणी कोणाला विचारलं नाही.’ खाली कलावती: ‘झाड बुडालं, पण घरात माणसं प्रेमळ आहेत. पाण्याची पाळी लावून घ्या.’

ते सलग सहा रविवार वाचत गेले. माणसं मरणाची हसत होती आणि मधूनच काहीतरी उपयोगाचं सांगून जात होती. एका पोस्टच्या शेवटी ओळ होती: ‘ज्याला लिहायची लाज वाटते त्याने माती घेऊन यावं. दिवा पूर्व, रंगाच्या बादल्यांची बाल्कनी कुठली म्हणून विचारा. चारनंतर.’

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी विश्रामराव दिव्यात एका तिसऱ्या मजल्यावर, हातात स्टीलचा डबा घेऊन उभे होते. कलावती साठीची होती, अंगावर गाऊन, खांद्यावर टॉवेल. बाल्कनीत रंगाच्या साठेक रिकाम्या बादल्यांत झाडं होती, आणि तांदूळ धुतलेलं पाणी गाळून ठेवलेली पातेली ओळीने. नळाला पाणी एक दिवसाआड येतं, ते माणसांना. झाडांना हे, असं तिने न विचारता सांगून टाकलं.

“कुठून आलात, भाऊ?”

“डोंबिवली.”

“अगो बाई! ते कुंपणवाले?”

“त्यांच्यातलाच... एक.”

“तो माळी कोण हो तुमचा? आम्हाला अपशकुनी म्हणाला.”

“कडक शिस्तीचे आहेत, म्हणतात.”

“शिस्तीचा नाही हो, घाबरट असणार. ज्याच्या घरी झाड मरत नाही, तो झाड लावत नाही. आणा तो डबा.”

तिने झाकण काढलं, नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं. पुन्हा नेलं.

“भाऊ, ही माती आहे की वरणाचा मसाला? हिंग येतोय याला.”

विश्रामराव डब्याचं झाकण शोधू लागले.

“ताक घालता ना? घरचं?”

“पिशवीतलं.”

“मिठाचं?”

पिशवीवरची हसणारी गाय विश्रामरावांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. “असावं,” ते म्हणाले.

“रोज?”

“हल्ली दोन.”

कलावती स्टुलावर बसली. बसल्या बसल्या तिचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग स्टूल. बऱ्याच वेळाने तिने टॉवेलने डोळे पुसले.

“अहो, मुळांचं लोणचं घातलंत तुम्ही! एवढ्या लोकांत एकाने विचारलं नाही, ताक कुठलं म्हणून?”

“विचारायला...” विश्रामरावांनी बोट वर केलं, सवयीने, आणि मग खाली घेतलं. “विचारायला बंदी आहे. तो माळी मीच.”

“ते मला मघाशीच कळलेलं. जिना चढून आलात आणि माझ्या बादल्या एका रेषेत नाहीत म्हणून दोन सरळ केल्यात. बरं, ऐका. वरची वीतभर माती काढून फेकायची. ड्रमच्या तळाला भोकं आहेत का बघा. मग चार दिवस रोज तीन-तीन बादल्या साधं पाणी, खालून वाहून जाईपर्यंत. तुमच्याकडे नळ आहे, नशीबवान आहात. आणि झाड गुडघ्यापर्यंत छाटायचं.”

“गुडघ्यापर्यंत?”

“वरचं गेलंय, भाऊ. खाली काही राहिलं असेल तर फुटेल.”

“एकवीसपर्यंत?”

“झाडाला तारीख कळत नाही. का, एकवीसला काय आहे?”

“बायको येतेय.”

कलावती गंभीर झाली. “मग आजच छाटा,” ती म्हणाली.

त्यांनी त्याच संध्याकाळी छाटलं. करवत चालवताना बी विंगच्या तीन बाल्कन्यांतून बायका बघत होत्या आणि कोणी काही विचारलं नाही, ते सर होते ना. पाणी ओतताना खालून जे वाहिलं त्याला कढीचा वास होता.

चौथ्या दिवशी, शेवटची बादली झाल्यावर, त्यांनी खुर्ची ओढली आणि आपल्या वाफ्यात लिहिलं: ‘कढीपत्ता, वय सव्वीस. मी मारला. मसाला ताक, रोज. ज्यांनी माझं बघून घातलं त्यांनी ताबडतोब थांबावं, भरपूर साधं पाणी सोडावं. दिव्याच्या कलावतीबाईंचं म्हणणं खरं आहे.’

चार मिनिटांनी पोस्ट गायब झाली आणि तिच्या जागी ‘समज’ एवढाच शब्द आला. त्यांनी पुन्हा टाकली. या वेळी तेच गायब झाले. पडद्यावर लिहून आलं की या वाफ्यात आपल्याला प्रवेश नाही. मग फोन वाजला.

“सर, साईनाथ बोलतोय. पहिल्यांदा समज दिली होती, सर. तुम्ही परत टाकलीत.”

“अरे, मी मुख्य माळी आहे!”

“हो सर. नियम बारा. तुमचाच. मला तो सगळ्यात आवडलेला.”

“साईनाथ, झाड मरतंय माझं.”

“नियम चार, सर,” साईनाथ हळू आवाजात म्हणाला. “अशुभ.”

विश्रामरावांनी अंतराला फोन केला. ती म्हणाली, “बाबा, डबा तुझ्याच फ्रिजवर आहे. वीज तुझी. बटण बंद कर, वाफा संपला.”

ते स्टुलावर चढले. हिरवा दिवा लुकलुकत होता. बटणावर बोट ठेवलं आणि, शेवटचं म्हणून, दुसऱ्या हातातल्या फोनवर बाहेरून वाफ्यात डोकावले. रस्त्यावरून कोणीही वाचू शकतं, तसे.

नीरजा नावाच्या एका सभासद बाई होत्या. तीन महिन्यांत त्यांनी ‘अप्रतिम’ सोडून दुसरा शब्द लिहिला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, ‘आत्ता सरांची एक पोस्ट दिसली आणि गेली. मिठाच्या ताकाने झाड जातं का? माझं लिंबू गेलं एप्रिलमध्ये. मी सांगितलं नाही.’

बघता बघता ती ओळ गेली. साईनाथ जागा होता. पण तोवर खाली दुसरी आली होती: ‘माझा मोगरा.’ ती गेली. ‘माझाही कढीपत्ता, दोन महिन्यांपूर्वीच. मी जुने फोटो लावतो.’ ती गेली. ‘शेवंती.’ ‘आमचं सगळंच.’ साईनाथ एकटा पुसत होता आणि चौतीस माणसं लिहीत होती. स्टुलावर उभे राहून विश्रामराव बघत राहिले. एखाद्या वर्गात एक मुलगा फळा पुसतोय आणि बाकीचे सगळे लिहिताहेत, असा वर्ग त्यांनी एकतीस वर्षांत होऊ दिला नव्हता.

त्यांनी बटणावरचं बोट काढलं आणि साईनाथला फोन लावला.

“साईनाथ, तुझं काय गेलं?”

पलीकडची बोटांची टकटक थांबली.

“सांग रे. मी ओरडत नाही.”

“अनंत, सर,” साईनाथ म्हणाला. “दोन. आईने लावलेले. मी ताक... तुमचं बघून.”

“मग लिही.”

“नियम, सर?”

“नियम अकरा. नियमांबाबत चर्चा करायची नाही. लिही मुकाट्याने.”

दोन मिनिटांनी वाफ्यात एका ओळीत दोन अनंत आले, आणि पुसायचं थांबलं. विश्रामरावांना आत घ्यायला साईनाथला आणखी दोन दिवस लागले, कारण कुंपण काढायचं कसं हे दोघांनाही येत नव्हतं. आजवर कधी काढलंच नव्हतं. शेवटी ठाण्याच्या सौमित्रने फोनवरून समजावून सांगितलं, आणि सांगताना ताकाचा पीएच सांगायची संधी सोडली नाही.

एकवीसला दुपारी नीला आली. बॅग दारात ठेवली, चप्पल काढली न काढली, थेट बाल्कनीत गेली. निळ्या ड्रममधून गुडघाभर उंचीचं एक राखाडी खोड वर आलेलं होतं. त्याच्या बुंध्याशी, मातीला लागून, तांबूस रंगाचं काहीतरी फुटलं होतं, तांदळाच्या दोन दाण्यांएवढं. विश्रामराव हॉलमध्ये उभे होते, हात मागे बांधून.

नीला वाकली. करवतीच्या खुणेवरून बोट फिरवलं.

“कोणी छाटलं?”

“मीच. दिव्याच्या एका बाईंनी सांगितलं तसं.”

“आणि तशी वेळ कोणी आणली?”

“तेही मीच.”

त्यांनी सगळं सांगितलं, पिशवी, गाय, नियम, डबा, काही न गाळता. नीलाने ते खोडाकडे बघत ऐकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, “छाटलंय मात्र बरोबर. नंबर द्या त्या बाईंचा.”

तिने बाल्कनीचं सरकतं दार आतून ओढून घेतलं आणि फोन लावला. विश्रामराव काचेच्या अलीकडे राहिले. ऐकू काही येत नव्हतं. आधी नीला गंभीर होती, मान हलवत होती, बुंध्याशी बोट नेऊन काहीतरी मोजून सांगत होती. मग तिने ड्रमकडे बघितलं, मग काचेतून त्यांच्याकडे, आणि तोंडावर पदर धरला. मग पदरही पुरेना. ती ड्रमला धरून खाली बसली.

विश्रामरावांनी काचेवर टकटक केली. नीलाने न बघताच हात वर केला: थांबा. ते थांबले.